धातू काढा, डोळे मिटा

आमच्या बैठकीच्या खोलीतला दिवाण आता दिवाण राहिलेला नाही. त्यावर पांढरी चादर असते, उशाशी लाकडी तबक असतं आणि वरच्या भिंतीवर माणसाच्या पाठीचं मोठं चित्र असतं, मणक्यावर सात रंगांची फुलं काढलेलं. पाहुणे आले की मी त्यांना स्वयंपाकघरात बसवते, गॅसच्या धगीला. आमचे हे, म्हणजे सोमशेखर, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस सकाळी पेपर वाचेल, दुपारी झोपेल आणि संध्याकाळी भाजी आणेल. त्याऐवजी ते पुण्याला एका शिबिराला गेले आणि चक्रं घेऊन परत आले.

मसाज करून शरीरातली चक्रं समतोल करता येतात, असं त्यांना शिबिरात कळलं. कारखान्यात हे मेंटेनन्सला होते, त्यामुळे जन्मभर जी नजर मशीनवर होती ती आता माणसांवर आली. शेजारच्या मायाप्पांना पाहिलं की हे म्हणायचे, नाभीचं जाम आहे. माझ्या माहेरच्यांना पाहून म्हणायचे, सगळ्यांचीच अलाइनमेंट गेलेली. फाटकाला बोर्ड लागला आणि त्याखाली सूचना लिहिली गेली: धातू काढा, डोळे मिटा, मौन पाळा. आवाजसुद्धा बदलला यांचा. इतकी वर्षं 'चहा' असं दारातून ओरडणारा माणूस आता कानाशी येऊन हळूच 'चहा' म्हणायचा, आणि मी दचकून हातातलं पातेलं पाडायचे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण बायका यायला लागल्या. बायकांच्या पाठीला हे हात लावणार नाहीत, लावूही नये. मग कोण लावणार? मला विचारलं नाही, सांगितलं. दिवाणाच्या कडेनं एक जुनी सोलापुरी चादर पडदा म्हणून टांगली. अलीकडे मी तेल लावून उभी, पलीकडे हे खुर्चीत पुस्तक घेऊन. तिकडून हुकूम यायचा, आता नाभी, उजवीकडून डावीकडे, सावकाश. इकडे माझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. मी आपली पाठ दाबायची तशी दाबत होते. बायकांना बरं वाटायचं. त्यांना चक्रांशी काही देणंघेणं नव्हतं. घरात त्यांची पाठ कोणी दाबत नव्हतं, एवढंच होतं.

माझी पाठ कोण दाबणार, असं मी एकदा पडद्यापलीकडे विचारलं. हे म्हणाले, देणाऱ्याची चक्रं देता देताच मोकळी होतात. त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलं नाही आणि सांगितलंही नाही.

खरा वाद पेटला तो लिंगावरून. आम्ही लिंगायत. लहानपणी स्वामींनी दीक्षा देऊन गळ्यात लिंग बांधलं की ते जन्मभर अंगावरून उतरत नाही. पूजेला तेवढं डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा झाली की पुन्हा चांदीच्या डबीत आणि डबी गळ्यात. माझ्या सासूबाई, शिवबाई, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. मी त्यांना अत्ती म्हणते, आमच्याकडची कानडी रीत. अत्ती अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघे गेलेले, रक्तदाबाची गोळी रोजची. आणि यांचं म्हणणं असं की ती डबी नेमकी हृदयचक्रावर बसते, चांदीनं प्रवाह अडतो, म्हणून मसाजापुरती ती काढून तबकात ठेवावी.

अत्ती पहिल्यांदा ऐकेनात. मीही सांगितलं की हा विषय बोर्डाबाहेर ठेवा. पण यांचा तर्क मेंटेनन्सचा. पूजेला काढतोच की, मग मसाजाला का नको, हाताच्या अंतरावर तर असतं. मुलगा रोज मागे लागला, तेव्हा आई वाकली. एरवी कुणाला न वाकणारी बाई, पण मुलापुढे काय चालतं?

त्या संध्याकाळी कुंभारीहून रत्नम्मा मावशी आल्या होत्या. अत्तींची मठातल्या भजनाची जुनी मैत्रीण. नातवानं रिक्षानं आणून सोडलं होतं. आधी अत्ती दिवाणावर पडल्या, त्यांचं पाहून मावशींना धीर आला आणि मग मावशी. दोघींच्या डब्या तबकात शेजारी शेजारी. सोलापुरात अशा डब्या एकाच घडणीच्या मिळतात, दोघींच्याही तशाच, दोरेही तसेच. अत्तींच्या मानेला तेल होतं, ते टिपेपर्यंत त्या बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, मुलाच्या नियमाप्रमाणे. मावशींची पाठ झाली तोच बाहेर रिक्षाचा हॉर्न. मावशी उठल्या, मी टॉवेल धुवायला मोरीत गेले. बोलायची सोय नव्हती, कारण पडद्यापलीकडून बजावलं होतं की चक्रं उघडी असताना तोंड उघडू नये. मावशींनी तबकातून डबी उचलली, गळ्यात घातली, नमस्कार केला आणि गेल्या. उरलेली मागाहून अत्तींनी गळ्यात घातली.

सकाळी मी पोळ्या लाटत होते. देवघरातून अत्तींचा आवाज आला नाही, म्हणजे नेहमीचं पुटपुटणं आलं नाही. जाऊन पाहिलं तर डबी पुढ्यात उघडी, बेलपत्र तसंच, पाण्याचा गडू तसाच. अत्ती त्या लिंगाकडे पाहत होत्या आणि त्यांनी ते तळहातावर घेतलेलं नव्हतं.

"हे माजं न्हाय," त्या म्हणाल्या. "हे रत्नम्माचं हाय. तिचंबी पाणी आडलं आसंल की."

मे महिना, सकाळीच पत्रे तापलेले, आणि या बाई आता स्वतःचं लिंग हातात येईपर्यंत पाणी पिणार नाहीत, गोळी घेणार नाहीत. मी विनवलं, रागावले. गोळीपुरता एक घोट, औषध म्हणून. त्यांनी मान हलवली. ती मान एकदा हलली की पुन्हा हलत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे.

आमचे हे आले. मला वाटलं, निदान आता हा माणूस घाबरेल. ते आईसमोर मांडी घालून बसले आणि त्या हळू आवाजात म्हणाले की आई, तत्त्व एकच आहे, ऊर्जा एकच आहे, हे काय आणि ते काय. त्या क्षणी मला त्यांचं पुस्तक बंबात घालावंसं वाटलं. अत्तींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रत्नम्माचं लिंग त्यांनी डबीत ठेवून धुतलेल्या वस्त्रात बेलासकट गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. जमिनीवर ठेवू नको, एवढंच म्हणाल्या.

मी फोन लावला. मावशींच्या घरी फोन असतो तो चनमल्लप्पा अण्णांच्या खिशात. अण्णा म्हणजे मावशींचे यजमान, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. लिंग अंगावरून उतरलं तर श्वास उतरला म्हणायचा, असं गावभर सांगणारा माणूस. त्यांनी फोन मावशींना दिला आणि स्वतः शेजारीच उभे राहिले असणार, कारण मला त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. मी विचारलं, मावशी, डबी उघडून पाहिली का, बदललीय का?

"माजं माज्यापाशी हाय," मावशी म्हणाल्या. "पूजा झाली, न्ह्यारी झाली. सगळं बरं हाय." आणि फोन ठेवला.

मी कपाळाला हात लावला. इथे एक बाई तहानेनं सुकतेय आणि तिथे दुसरी खुशाल न्याहारी करून बसलीय? रोज हातावर घेतलेलं लिंग कळत नाही होय हिला? रागानं माझे कान तापले. अत्तींपाशी शेजारची काव्या बसवली, यांना रिक्षा आणायला पाठवलं. वाटेत यांना दम दिला की तिथे तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. हे म्हणाले, माझी काय चूक, माझा नियम तर... मी वस्त्रातलं लिंग दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं म्हणून, नाहीतर यांना रिक्षातून ढकलून दिलं असतं. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, आई पाणी प्याली की बोर्ड काढतो.

कुंभारीला अण्णा ओसरीवर बाजेवर बसलेले, बाजूला मठाच्या कमिटीतले दोघे. मी ठरवून गेले होते की आत पाऊल टाकताच सरळ बोलायचं. मावशी स्वतः चहा घेऊन आल्या. पदर गळ्याशी घट्ट ओढलेला, ओठ कोरडे पडून फुटलेले, कप देताना बशी वाजत होती. मागून मावशींची सून म्हणाली, "आमच्या अत्ती सकाळपास्नं पाण्याचा थेंब घेईनात. पोट बिगडलंय म्हनत्यात. तुमीच सांगा जरा त्यास्नी."

मग मला कळलं. या बाईनं पूजाही केली नव्हती आणि न्याहारीही नाही. तीही सकाळपासून तशीच होती, आणि घरात सांगू शकत नव्हती, कारण सांगायचं तर आधी हे सांगायला हवं की मी ते गळ्यातून काढलं होतं, एका दिवाणावर, पाठ दाबून घ्यायला म्हणून. आणि समोर बाजेवर बसला होता तो श्वासवाला माणूस. इतका वेळ सांभाळलेला माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि ज्या बोलण्याचा मला तिटकारा आहे तेच बोलले. म्हणाले, अण्णा, काल मावशींचं एक चक्र अर्धवट राहिलं, तसं ठेवलं तर अन्नपाणी जात नाही, तेवढं पूर्ण करून देते, आतली खोली द्या.

"राहिलं कुठं?" आमचे हे म्हणाले. "सातही झाली की. मी स्वतः वाचत होतो."

यांचा प्रामाणिकपणा जन्मभर कुठे दडी मारून बसतो देव जाणे, पण नको तेव्हा नेमका उफाळून येतो. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की मठाचे दोघेही सरळ बसले. तुम्ही एक पान गाळलंत, मी म्हटलं, हृदयाचं. यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडताना मला दिसला. हां, म्हणाले, हां, ते राहिलं खरं. आणि लगेच अण्णांकडे वळून त्यांनी सुरू केलं, मूलाधारापासून. अण्णांनी विचारलं की हे काय थोतांड, तर हे आणखी रंगले. कधी नव्हे ते मला त्यांच्या बडबडीचा आधार वाटला.

आतल्या खोलीला मी कडी घातली. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्या हातातलं वस्त्र त्यांनी पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. बोललं की कबूल करावं लागतं.

"मावशी, धातू काढा," मी म्हटलं. "डोळे मिटा."

त्यांनी दोरा डोक्यावरून काढला. मी दुसरं वस्त्र पुढे केलं, त्यावर डबी ठेवली आणि त्या पालथ्या पडून डोळे गच्च मिटून राहिल्या, लहान मूल मिटतं तसे. दाराबाहेरून यांचा आवाज येत होता, हृदयचक्र सगळ्यात नाजूक. माझ्या एका हातात एक डबी, दुसऱ्यात दुसरी, आणि एकदम वाटलं की आता मीच घोटाळा केला तर? अत्तींचं बेलपत्र एका वस्त्रात होतं, तेवढ्यावर भिस्त ठेवून मी त्यातली डबी मावशींच्या उशाशी ठेवली. दुसरी माझ्या कमरेला बांधली. मग उभं राहून काय करायचं म्हणून त्यांची पाठ दाबली. खांदे दगडासारखे झाले होते.

"झालं का?" त्या उशीत म्हणाल्या.

"झालं."

"डोळं उगडू?"

"उघडा, मावशी."

त्यांनी डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. तिथेच, खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी कोनाड्यातलं भस्म लावलं, पूजा केली. मी तांब्यातून पेला भरून पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"शिवबाईनं पाणी पिलं का?"

मी म्हटलं, त्या कशा पितील, त्यांचं माझ्या कमरेला आहे. मावशींनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, माझ्या हातून तिचं पाणी अडलंय, ती प्याल्याशिवाय मी कशी पिऊ, तू जा आधी. मी हात जोडले, पाया पडते म्हटलं. पडू नको, लवकर जा, म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात आमचे हे खुशीत होते. अण्णांना पटतंय म्हणाले, स्वतःच्या कमरेबद्दल विचारत होते, सोमवारी येतो म्हणालेत. बोर्डाचं काय, असं मी विचारलं नाही. मला फक्त रिक्षा लवकर पोचायला हवी होती.

अत्ती देवघरासमोरच आडव्या झाल्या होत्या, काव्या पदरानं वारा घालत होती. जीभ जड झाली होती त्यांची. त्यांना बसवलं, कमरेचं सोडून हातात दिलं. त्यांनी ते उघडून पाहिलं आणि इतका वेळ न आलेलं पुटपुटणं सुरू झालं. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही. पूजा झाली. मी गडूतलं पाणी फुलपात्रात ओतलं.

"तिनं पिलं का?" अत्तींनी विचारलं.

मी त्यांना खोटं सांगायला हवं होतं. पण सकाळपासून इतकं खोटं बोलले होते की आता तोंडातून खरंच आलं. तुम्ही प्यायल्याशिवाय ती पिणार नाही. अत्तींनी फुलपात्र खाली ठेवलं. "तिची काय चूक? तिचं आदी," म्हणाल्या. दोघींनी मिळून माझा जीवच घेतला असता. एक कुंभारीत पेला खाली ठेवून बसलेली, एक इथे, आणि दोघींना कोणी काही सांगायची सोय नाही.

मी अण्णांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आमच्या ह्यांच्या हातात दिला. बोला, म्हटलं, तुमचं ते बोला. पहिल्यांदाच त्यांना काय करायचं ते एका शब्दात कळलं. त्यांनी घसा साफ केला आणि त्या हळू आवाजात अण्णांना सांगितलं की हृदयचक्राचा शेवटचा भाग राहिलाय, फोन मावशींच्या जवळ धरा, दोघींना एकाच वेळी पाणी प्यायचंय, मागेपुढे होऊन चालणार नाही. अण्णा तिकडे सगळ्यांना गप्प करताना ऐकू आले.

"पेला हातात घ्या," हे म्हणाले. "डोळे मिटा. आता पहिला घोट."

अत्तींनी डोळे मिटले आणि घोट घेतला. फोनमधून तिकडचाही ऐकू आला. मग दुसरा, मग तिसरा, हे सांगत गेले आणि दोघी पीत गेल्या. अण्णांचा आवाज आला, "चेहऱ्यावर तेज आलं बघा लगेच. शास्त्रच हाय की हे." आता मला जन्मभर याविरुद्ध बोलता येणार नव्हतं.

अत्तींनी गोळी घेतली, डबी गळ्यात घातली, तिच्यावर हात ठेवून बसल्या. हे त्यांच्यापुढे बसून काही सुरू करणार होते, चांदीबद्दल, की चांदी प्रवाह अडवत नाही तर धरून ठेवते असं आता लक्षात येतंय. "साकु," अत्ती कानडीत म्हणाल्या. "पुरे, शेखर. रुद्राणीला पाणी दे. सकाळपास्नं तीबी तशीच हाय."

मला आठवेना. खरंच की. चहाचा कपसुद्धा तसाच ठेवून आले होते कुंभारीत. हे उठले, माठातून तांब्या भरला, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. मग सवयीनं तोच आवाज आला, "डोळे मि..."

मी डोळे उघडे ठेवून प्याले.